मराठीतून मराठीत

बिंदुमाधव मरता मरता ‘आई’ म्हणाला आणि खरोखरच त्याची आई आली. काशीच्या संकठा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून, एका हातात देवीच्या प्रसादाची पिशवी, दुसऱ्या हातात गोळा केलेल्या निऱ्या, अशी ती “आले रे, आले!” करत धडपडत उतरली, कॅमेरा आणि प्रेत यांच्यामधल्या मोकळ्या जागेत शिरली आणि नुकताच खून झालेल्या मुलाचं डोकं तिने मांडीवर घेतलं. त्याच्या शर्टावरच्या लाल डागाला बोट लावलं. बोट हुंगलं. मग जिभेला लावलं. “मेल्या,” ती म्हणाली, “हे तर गुलाबाचं सरबत आहे.” ‘मेल्या’ हा तिचा रोजचाच शब्द, सकाळी दूध उतू गेलं की सुरू व्हायचा तो रात्री कडी लावेपर्यंत, पण पटकथेला धरून तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला. ‘कट’ म्हणायचं काम विश्वेश्वरचं होतं. तो दिग्दर्शक. कॉलेजच्या ग्रुपमध्ये दिग्दर्शक कोण यावर जेव्हा वाद झाला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने ‘कट’ म्हणून त्याने तो संपवला होता. पण नेमका त्या क्षणी तो विसरला, आणि पद्मा, जी कॅमेऱ्यामागे होती आणि सांगितल्याशिवाय कधीच काही बंद करत नसे, तिने कॅमेरा चालूच ठेवला. त्यामुळे पुढचं सगळं चित्रित झालं: प्रेताचं उठून बसणं, प्रेताचं “अगं काय हे!”, आईचं “तूच बोलावलंस ना?” आणि मग सगळ्यांचं हसणं. पायरीवर एका यात्रेकरूची दाढी करत बसलेला न्हावी हसला. अर्धी दाढी झालेला यात्रेकरूही हसला, वस्तरा गळ्याशी असताना.

बिंदूला राग आला. हे वाक्य मराठीतच शक्य आहे. हिंदीत राग येत नाही, हिंदीत राग गातात, एकदा भांडण जुंपलेलं असताना तो भरात विश्वेश्वरला “मुझे राग आ गया है” असं म्हणाला होता, तर विश्वेश्वरने शांतपणे विचारलं होतं, “कौन-सा?” तेव्हापासून बिंदूचा राग त्या शहरात बेवारशी फिरत होता. त्याला तो हिंदीत नीट बोलता यायचा नाही आणि घरी बोलायची सोय नव्हती, कारण घरी रागाची जागा आईने आधीच अडवलेली होती. आता तो सरबताने चिकटलेला शर्ट अंगापासून सोडवत बसला होता आणि मुंग्या कॉलरपर्यंत पोहोचल्या होत्या. चित्रपट कमी खर्चात करायचा, असं विभागाच्या सरांनी सांगितलं होतं. सस्पेन्स फिल्म, ग्रुप प्रोजेक्ट, बारा मिनिटांची, आणि ‘साधनांच्या अभावातून कल्पकता जन्मते’ असंही म्हणाले होते. त्या कल्पकतेला सगळा ग्रुप पहाटेपासून डोक्यावर घेऊन फिरत होता. कॅमेरा हलवायला गाडी हवी म्हणून विश्वेश्वरने यात्रेकरूंना ने-आण करणारी एक व्हीलचेअर आणली होती, आणि घाटावर आल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की घाटाला नुसत्या पायऱ्याच असतात. तेव्हा दोघे जण व्हीलचेअर पालखीसारखी उचलून धरत, तिच्यात पद्मा बसे, पद्माच्या मांडीवर कॅमेरा. रक्ताचं हे असं सरबत झालं होतं. आणि प्रेताचं तर त्याहून वाईट, कारण त्या घाटाच्या शेजारीच रात्रंदिवस चिता जळतात. तिथे एक माणूस पायरीवर डोळे मिटून पडलाय याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. सकाळपासून तीन-चार जणांनी जाता जाता बिंदूला नमस्कार केला होता. एका म्हाताऱ्याने विश्वेश्वरला हळूच विचारलं होतं, “लकड़ी हो गई, भइया?”

“काय चाललंय हे?” आईने विचारलं.

“फिल्म आहे आई. कॉलेजची. मी मेलोय.”

“कशाने?”

“खून झालाय माझा.”

“कुणी केला?”

“ते अजून ठरलं नाही.”

हे मात्र अगदी खरं होतं. फिल्म बिंदूनेच लिहिली होती आणि तिला शेवट नव्हता. एक माणूस घाटावर मरतो, मरताना एवढंच म्हणतो, ‘आई…’ म्हणजे कुणीतरी बाई आली होती. कोण आली होती? पोलीस शोधतात, बायको शोधते, मुलगा शोधतो. फिल्मचं नाव, ‘आई थी कोई’. ग्रुपला कल्पना इतकी आवडली होती की शेवट काय हे विचारायचंच राहून गेलं. आणि जेव्हा विचारलं तेव्हा बिंदू म्हणाला होता, सुचेल. तो शेवट दोन वर्षं सुचत नव्हता, ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

“मग ‘आई’ म्हणून बोंबललास कशाला?” आई म्हणाली. “मी वर देवीच्या पायऱ्या चढत होते. म्हटलं हा पडला कुठे तरी. चप्पल तिथेच राहिली बघ माझी.”

“ते हिंदीत होतं गं.”

“आईला हिंदीत हाक मारतात होय रे?”

“हाक नव्हती ती. हिंदीत आई म्हणजे…” बिंदू म्हणाला आणि थांबला.

त्याच्या तोंडातलं वाक्य सोपं होतं. हिंदीत आई म्हणजे आली. एवढंच म्हणायचं होतं. पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथे आपल्याच पायात पाय अडकून पडल्यासारखं पडलं, कारण हेच वाक्य उलट्या बाजूने तो पूर्वी एकदा बोलला होता. दोन वर्षांपूर्वी, बाबांच्या वेळी. त्या दिवशी इस्पितळात तो एकटाच होता. आई पेज करायला घरी गेली होती आणि डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन आणायला खाली दुकानात पिटाळलं होतं. तो इंजेक्शन घेऊन वर आला तेव्हा बाबांच्या तोंडावर चादर होती आणि नर्स पलंगाच्या पायथ्याशी लावलेला कागद भरत होती. ती वाईट नव्हती. उलट तिनेच आपणहून सांगितलं, “आख़िर में बस ‘आई… आई…’ बोल रहे थे। हम पूछे, कौन आई बाबूजी? तो दरवाज़े की तरफ़ देखने लगे।” दरवाज्यात कोणी नव्हतं. बिंदू तेच डोक्यात घेऊन घरी निघाला. त्यांच्या घरात एक नियम होता, बाबांचाच: हिंदी चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची. बाहेर दिवसभर काय ती बोला, पण उंबरठ्याच्या आत मराठी. लहानपणी बिंदू धावत येऊन “बाबा, पतंग कट गई” असं म्हणाला की बाबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, “बाहेर जा आणि मराठीत ये.” तो बाहेर जायचा, आणि मराठीत यायचा. त्याही दिवशी तो जिन्यात थांबला, चपला काढल्या, डोळे पुसले आणि नियमाप्रमाणे मराठीत आत गेला. आईने पातेलं हातात असतानाच विचारलं, काही बोलले का? आणि बिंदू म्हणाला, “हो. शेवटी दरवाज्याकडे बघून ‘आली, आली’ म्हणत होते. कोण आली ते नाही सांगितलं.” जो शब्द मुळात मराठी होता त्याचं त्याने मराठीत भाषांतर केलं. सात पिढ्या काशीत राहिलेल्या घराण्यात आजवर बरेच मूर्ख होऊन गेले असतील, पण इतका नेटका मूर्ख झाला नसेल, असं त्याला आता, मुंग्या मानेवरून कानाकडे निघालेल्या असताना, वाटलं.

कारण बाबा आईला ‘आई’च म्हणायचे. त्यांना बायकोशी बोलायला मध्ये एक मूल लागायचं. “बिंदू, आईला म्हणावं चहा टाक,” आई समोरच बसलेली असताना. “बिंदू, आईला विचार, माझा चष्मा कुठाय.” आणि आई बिंदूकडे बघून सांगायची, “त्यांच्या डोक्यावर आहे म्हणावं.” बिंदू शाळेत गेलेला असला की ते भिंतीला सांगायचे, “आईला म्हणावं, मी निघालो,” आणि रेल्वेच्या कचेरीत जायचे. बिंदू जन्मण्याआधी ते दोघं काय करत होते, बोलत तरी होते का, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि मरताना त्या माणसाने, दत्तात्रेय या नावाच्या त्या आडून बोलणाऱ्या माणसाने, जन्मभराच्या सवयीने मुलाला हाक घातली: आई… आईला… पुढचं ‘बोलाव’ राहिलं. मूल खाली दुकानात होतं. मध्ये नर्स होती. नर्सला मराठी येत नव्हती, आणि मुलाला, असं दिसतंय, दोन्ही येत नव्हत्या.

पण आईला ‘आली’ मिळाली होती. बाराव्या-तेराव्याला कचेरीतली लतिका म्हणून एक बंगाली बाई आली आणि दारातच हुंदके देऊन रडली. ती कोणाच्याही दिवसांना जाऊन तशीच रडते, कचेरीत ती त्यासाठीच प्रसिद्ध आहे, हे नंतर कळलं, पण नंतर. आईने तिला बिनसाखरेचा चहा दिला. त्या दिवसापासून घरात एक न दिसणारी बाई राहायला आली. आईने तिचं नावच ‘आली’ ठेवलं. गॅस संपला की, “सांगा त्या आलीला.” वीज गेली की, “ये म्हणावं आलीने, फ्यूज बांधायला.” श्राद्धाला सगळं यथासांग, पण बाबांना आवडायचे ते भोपळ्याचे घारगे नाहीत, “आली करेल.” आणि बाबांचा फोटो देवघराशेजारून निघून बोळातल्या विजेच्या मीटरखाली गेला, जिथे तो फक्त मीटर वाचायला येणाऱ्याला दिसायचा. तिथला खिळा इतका हलका होता की दार जरा जोरात लागलं की बाबा एका बाजूला मान टाकत. आई त्यांना सरळ करत नसे. ती रडलीही नाही. बिंदूला ते त्या काळात ठीक वाटलं होतं: घरात रडणारी आई असण्यापेक्षा चिडलेली आई बरी, ती निदान भाजी आणते, जेवते, मेल्या म्हणते. तिने रागाचा टेकू घेतला होता आणि त्यावर ती उभी होती. आता सांगायचं कसं? सांगितलं तर टेकू काढून घेतल्यासारखं. आणि नाही सांगितलं तर बाबा मीटरखाली मान वाकडी करून जन्मभर. त्याला राग आला, पुन्हा, या वेळी कोणावर ते कळेना. नर्सवर यावा तर तिने बिचारीने विचारलं होतं. बाबांवर यावा तर, एकदा तरी बायकोला नावाने हाक मारायला काय झालं होतं? प्रभावती. चार अक्षरं. हिंदीतही प्रभावतीच होते. कोणी भाषांतर केलं नसतं.

“मिल गया!” विश्वेश्वर ओरडला. तो इतका वेळ पद्माच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आईचं धावत येणं पुन्हा पुन्हा बघत होता. “गुरु, एंडिंग मिल गया!”

“काय?” बिंदू मराठीतच म्हणाला.

“आंटी ही क़ातिल हैं! देख ना. मरने वाला बोला, आई। और आई कौन? आंटी आईं। सीधी बात। इतने दिन से हम लोग ढूँढ़ रहे हैं कौन आई, और जो आई वो सामने आई!” त्याने टाळी मागितली. पद्माने दिली नाही. ती कॅमेरा धरून होती. “और चेहरा देख आंटी का। एकदम मर्डर वाला गुस्सा। एक्टिंग से नहीं आता ऐसा।”

बिंदू उठला. त्याच्या डोक्यात त्या क्षणी जे होतं ते असं की विश्वेश्वरला व्हीलचेअरमध्ये बसवावं आणि घाटाच्या सगळ्या पायऱ्या एकदाच दाखवाव्यात. “मेरी माँ क़ातिल नहीं है,” तो हिंदीत म्हणाला, आणि हिंदीत ते वाक्य इतकं खोटं, इतकं कोर्टातल्यासारखं वाटलं की न्हावीसुद्धा वस्तरा थांबवून त्याच्याकडे संशयाने बघायला लागला.

“अरे, फ़िल्म में!” विश्वेश्वर म्हणाला. “पर्सनल काहे ले रहा है?”

“पर्सनलच आहे ते!”

“क्या?”

“कुछ नहीं.”

आई मधे पडली. तिची हिंदी बनारसी होती, बाजारात घासून घासून गुळगुळीत झालेली, बिंदूच्या हिंदीपेक्षा कितीतरी चांगली. “हमको क्या करना होगा, बेटा?”

“कुछ नहीं आंटी, बस यही। ऊपर से आना है, जैसे अभी आईं। हाथ में ये रहेगा।” विश्वेश्वरने पिशवीतून रामलीलेतल्या कुठल्याशा राक्षसाची लाकडी कट्यार काढली, तिच्यावर चांदीचा कागद होता आणि टोकाला थोडा निघालेला होता. “और ग़ुस्से में आना है।”

“किस पर ग़ुस्सा?”

“किसी पर भी। कोई तो होगा।”

आईने जरा विचार केला. “हैं एक,” ती म्हणाली. रागातसुद्धा तिने त्यांना अहो-जाहो सोडलं नाही.

ती कट्यार घेऊन वर गेली. जाताना तिची सुटलेली चप्पल तिला सापडली, ती तिने पायात घातली, पदर खोचला, आणि वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. बिंदूने खालून पाहिलं. घाटाच्या माथ्यावर, ऊन मागून येत असल्याने नुसता आकार, हातात चकाकतं काहीतरी. दिग्दर्शकाचं खरं होतं. ती खून करायला निघालेली बाईच दिसत होती, आणि ज्याचा खून करायचा तो आधीच मेलेला होता. ती दोन वर्षं रोज थोडा थोडा त्याचा खून करत आली होती, कधी घारग्यांशिवाय, कधी मीटरखाली. आता हे सर बघणार. वर्ग बघणार. सगळे टाळ्या वाजवणार. मग ती रिक्षाने घरी येणार, दार आपटणार, आणि बाबा मान टाकणार. व्हीलचेअर उचलली गेली. पद्मा हवेत स्थिर झाली. विश्वेश्वरने बिंदूच्या छातीवर सरबताची उरलेली बाटली रिकामी केली. “मर जा,” तो प्रेमाने म्हणाला. बिंदू आडवा झाला. दगड तापलेला होता, पाठीला चटका बसत होता, आणि बाबांना त्या लोखंडी पलंगावर शेवटी पाठीला काय लागत असेल, गार की गरम, असा विचार त्याला पहिल्यांदाच आला.

“रोल! ऐक्शन!”

“आई,” बिंदू म्हणाला.

ती निघाली. या वेळी धडपडत नाही. एक एक पायरी, कट्यार पदराआड. विश्वेश्वरने अंगठा वर केला.

“आई,” बिंदू म्हणाला, आणि मग जे पटकथेत नव्हतं ते मराठीत म्हणाला, कारण तिथे मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं, “बाबा ‘आली’ नव्हते म्हणाले.”

ती थांबली नाही. अजून ती नटीच होती.

“नर्सने सांगितलं ते हिंदीत सांगितलं. मी घरात येताना मराठी केलं. त्यांनी मराठीच म्हटलं होतं. ‘आई’ म्हणाले होते. ‘आई, आई’ असं. आईला बोलाव, असं.”

“ग़ज़ब!” विश्वेश्वर कुजबुजला. “डायलॉग मार रहा है। चालू रखो, पद्मा।”

आई चार पायऱ्या वर थांबली. कट्यार पदराआडून बाहेर आली, पण उगारलेली नव्हती. ती नुसती हातात होती, भाजी चिरताना कोणी दाराशी आलं की असते तशी. वरून एक म्हातारी गंगेकडे निघाली होती, ती आईला वळसा घालून गेली.

“मला?” आई म्हणाली.

“तुला. तुलाच ते आई म्हणायचे. दुसरं कुणाला म्हणणार?”

“दरवाज्याकडे बघत होते म्हणाला होतास.”

“तू पेज घेऊन येणार होतीस ना.”

पालखी उचलून धरलेल्यांपैकी एकाने पकड बदलली आणि फ्रेम हलली असणार. “म्हणजे आली म्हणजे मी,” आई म्हणाली.

“हो.”

“मग दोन वर्षं मी शिव्या कुणाला दिल्या रे?”

बिंदूने खरं ते सांगितलं. “तुला.”

त्याला वाटलं होतं ती रडेल. किंवा खाली येऊन त्याच्या थोबाडीत देईल. ते त्याला चाललं असतं, गाल त्याने तयार ठेवला होता. पण ती कट्यारीच्या टोकाचा सुटलेला चांदीचा कागद बोटाने दाबून परत चिकटवायला लागली. तो चिकटेना. तिने थुंकी लावून दाबला. तिचं नाक लाल झालं होतं. “मेल्या,” ती म्हणाली, आणि बिंदूला कळलं की हे त्याला नाही, आणि शिवीही नाही. “मेल्या, नावाने हाक मारली असतीत तर काय झालं असतं तुमचं?” तिने मेल्यालाही ‘तुम्ही’ लावलं, व्याकरण त्यात जे काय तुटलं ते तुटू दिलं. आणि मग ती वळली. कट्यार हातात तशीच, वर चालायला लागली, आता भराभर, दोन-दोन पायऱ्या.

“आंटी! आंटी, उधर नहीं, इधर! मर्डर इधर है!” विश्वेश्वर ओरडला. “कट! अरे कट नहीं, चालू रखो! आंटी, चाकू!”

वरच्या पायरीवर ती थांबली. पुन्हा ऊन मागून. तिथून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात, ती ओरडली, “येताना एक खिळा आण! चांगला मजबूत! आणि लाल भोपळा!”

आणि गल्लीत दिसेनाशी झाली.

न्हाव्याने दाढीचा उरलेला अर्धा भाग हाती घेतला. विश्वेश्वर बिंदूशेजारी येऊन उकिडवा बसला. त्याचा चेहरा हरखलेला होता. “क्या सीन था, गुरु! क्या बोलीं आंटी लास्ट में? बहुत ख़तरनाक बोलीं। सबटाइटल में डालेंगे। ट्रांसलेट कर दे.”

बिंदूने त्याच्याकडे पाहिलं. राग होताच, पण आता त्याची घाई संपली होती. मुंग्या कानात शिरत होत्या. पद्माच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा अजून लागलेला होता. तिला कोणी बंद कर म्हणालं नव्हतं.

“अरे बोल ना. क्या बोलीं?”

बिंदूने डोळे मिटून घेतले. कॅमेरा चालू होता, आणि सीनप्रमाणे तो मेलेला होता.